जौजे माणिकराव

मी पटकीनं मेले, असं कागदावर लिहिलेलं आहे. ते लिहिलं गेलं तेव्हा मी पालमपासून चार कोसांवर, माहेरी, भावाच्या शेतात तुरी सोंगत होते आणि तब्येतीनं ठणठणीत होते. पण कागद सरकारी होता. त्यावर गावच्या पाटलाची सही होती आणि दोन पंचांचे अंगठे होते. एवढ्या शहाण्या माणसांनी मिळून मला मारलं, तर मी जिवंत असण्याला तसा काही अर्थ नव्हता.

माझं नाव दगडाबाई. माझ्या आधीची आईची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून माझं नाव दगडा ठेवलं. मरण दाराशी आलंच तर त्यानं नाव ऐकून माघारी जावं, दगड उचलून न्यायचा तरी कशाला, असा आईचा हिशेब. तो बरोबर निघाला. मी जगले आणि पंधराव्या वर्षी सोनपेठकडच्या एका मोठ्या घरात पडले. सासरे आबासाहेब गावचे पाटील. दगडा ही हाक त्या घराला शोभणारी नव्हती. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव काढलं, कोकिळा. मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तांदळांकडे बघून नुसती मान हलवली. अक्षरं मी पुष्कळ नंतर, भावाच्या मुलीकडून शिकले.

नवऱ्याचं नाव मी इथे लगेच घेणार नाही. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. हळदीकुंकवाला आग्रह झाला तर उखाण्यात गुंडाळून घेते, आणि तेही लाजत. मी ते सरळ, बिनउखाण्याचं, आयुष्यात एकदाच घेतलं. ते कुठे आणि कसं, हे सांगायलाच मी बसले आहे.

तर ते हैदराबादेला शिकत. सुट्टीत गावी आले की त्यांना इथलं काहीच पटत नसे. चहा पटत नसे, पाणी पटत नसे, मी तर नसेच. आठ वर्षांत मूल झालं नाही, तो दोष अर्थातच एकट्या माझा. एकदा भर दुपारी मी चुलीपुढे भाकरी करत होते. काय बिनसलं होतं ते आता आठवत नाही. त्यांनी माझ्या मेलेल्या बापावरून शिवी दिली आणि मी पहिल्यांदाच उलट बोलले. त्यांचा हात वर गेला. माझ्या हातात तव्यावरचं उलथणं होतं, ते मी आडवं धरलं. मारायला नाही, अडवायला. निदान तेव्हा मी तसंच समजत होते. त्यांचा उजवा हात कोपराच्या खाली त्या तापल्या लोखंडावर आदळला आणि चिकटला.

ते उलथणं आईनं रुखवतात दिलेलं. गावच्या लोहारानं घडवलेलं, जाड, आणि एका कोपऱ्याला टवका उडालेला. डाग उठला तोही तसाच, एका कोपऱ्याला तुटका. बायकोच्या उलथण्यानं पाटलाचा मुलगा भाजला, हे गावात सांगायची सोय नव्हती. म्हणून कडब्याची गंज पेटली होती आणि ती विझवताना त्यांचा हात भाजला, असं ठरलं. लोक बघायला आले, कौतुक करून गेले. मी आतून चहा पाठवत होते.

त्या पंचमीला मला माहेरी धाडलं. गाडीत सासूनं माझी रुखवताची भांडी भरली, तांब्यापासून उलथण्यापर्यंत. सणाला निघालेल्या बाईच्या गाडीत भांडी चढतात तेव्हा बाईनं समजून जावं. मी समजले नाही. पोळा झाला, दसरा झाला, दिवाळी झाली. मला न्यायला कुणी आलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. मावशीच्या घरी लग्न निघालं म्हणून मी सोनपेठला गेले होते. बाजाराच्या दिवशी बन्सीधर सोनाराकडे गेले. माझ्या पायातलं एक जोडवं फाकलं होतं आणि माझी जोडवी त्यानंच घडवलेली. मी पाय पुढे केला. त्यानं जोडवं ओळखलं, मग वर माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याच्या हातातली सांडशी खाली पडली.

"तुमी पाटलाच्या सूनबाई न्हवं?" तो म्हणाला. "कोकिळाबाई?"

"व्हय. असं काय बगायलाव भूत बगितल्यासारखं?"

त्यानं सांडशी उचलली. मग हळूच म्हणाला, "बाई, तुमचा टाक मी घडिवला हो. गेल्या मार्गशीर्षात."

टाक म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिली बायको मेली आणि माणसानं दुसरी केली, तर त्या दुसरीच्या गळ्यात पहिलीची चांदीची छोटी मूर्ती घालतात. मेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून. नवी साडी, नवा दागिना आधी त्या टाकाला दाखवायचा आणि मग आपण ल्यायचा. बाकीचं सोनारानंच सांगितलं. परभणीच्या दिनकरराव वकिलांची शिकलेली मुलगी, पार्वती, हिच्याशी माझ्या नवऱ्याचं लग्न झालं होतं. सवतीवर मुलगी द्यायची नाही, असा वकिलांचा कडक बाणा. म्हणून मला आधी पटकीनं मारलं, मग लग्न ठरवलं, आणि वकिलांची खात्री पटावी म्हणून माझा टाक घडवून तिच्या गळ्यात घातला.

मी जोडवं दुरुस्त करून घेतलं नाही. दोन्ही काढली आणि पदरात बांधली. रडू आलं नाही. राग मात्र आला. दुसरी बायको करायची तर करायची होती, कोण अडवत होतं? राजरोस कितीजण करतात. पण मला जितेपणी मारून, माझी मूर्ती करून, दुसरीच्या गळ्यात बांधून तिला माझी भीती घालायची? मी तेव्हाच ठरवलं, भीती खरी करून दाखवायची.

भाऊ व्यंकटी म्हणाला, "चल, गावात जाऊन पंचाईत बसवू."

"पंचाईतीत कोण बसतंय?"

 पंचाईतीत आबासाहेबच बसत. त्यांच्या गावात त्यांनी मला मेलेली म्हटलं की मी मेलेलीच. दारात उभी राहून ओरडले असते तर वेडी म्हणून हाकलली असती. मला अशी जागा हवी होती जिथे त्यांच्या घराण्याचा शब्द शेवटचा नसेल. ती जागा कुठली हे मला माहीत नव्हतं. मी वाट पाहत राहिले. मेलेल्या माणसाला एकदाच परत येता येतं, दुसऱ्यांदा त्याची कुणाला भीती वाटत नाही, एवढं मला कळत होतं.

जागा व्यंकटीनंच आणली. तो परभणीच्या कचेरीत चपराशी होता. साहेबाच्या दाराशी उभं राहायचं आणि ज्याचा कागद निघेल त्याच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्याचं काम. १३४७ फसलीच्या खुरदाद महिन्यात, म्हणजे १९३८च्या ऐन उन्हाळ्यात, तो गावी आला आणि पाणी न पिता ओट्यावर बसला.

"अक्का, दाजी विलायतेला जायलेत. बालिष्टर व्हायला."

"जाऊ दे की."

"तसं न्हाई जाता येत. पासपोर्ट लागतंय."

मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. व्यंकटीनं मला समजावलं. समुद्रापार जायचं तर एक छापील पुस्तक काढावं लागतं. हा माणूस कोण, कुणाचा, कुठला, अंगावर खूण कोणती, सगळं त्यात असतं. वर फोटो चिकटवतात. बायको बरोबर जाणार असेल तर तिचाही फोटो त्याच पुस्तकात. पुस्तक हैदराबादेहून मिळतं, पण त्याआधी चौकशी जिल्ह्याच्या कचेरीत होते. अर्जदारानं स्वतः यायचं, बायकोनं यायचं, आणि हा माणूस खरंच तो आहे असं सांगणारा एक मोतबर आणायचा. साहेब तोंड आणि फोटो ताडून बघणार आणि मग फोटोच्या मागे सही करणार.

"मोतबर कोण?"

"वकीलसाहेब. त्येंचे सासरे."

मग व्यंकटी खाली बघत म्हणाला, "घराघरातली माणसं मोजल्याल्या कागदात बायकू म्हणून तुजं नाव निघालं. कोकिळाबाई. पेशकारानं गावाला इचारलं, ही कोण? तर आबासाहेबांनी दुसऱ्या लग्नाआदीचा कागद धाडला. फौत."

फौत म्हणजे मयत. इतका छोटा शब्द. व्यंकटीनं तो पेशकाराच्या, म्हणजे साहेबाच्या कारकुनाच्या, तोंडून ऐकला होता आणि बहिणीसाठी घरापर्यंत जपून आणला होता.

मी हसले. खरंच हसले, तो दचकला. जन्मभर ज्या माणसानं 'मी कोण' हे दुसऱ्याला कधी विचारलं नव्हतं, त्याला आता 'मी कोण' हे चार लोकांकडून लिहून घ्यायचं होतं. त्याचा बाप पाटील असून उपयोग नव्हता, जमीन असून उपयोग नव्हता. समुद्रापार जायला साक्षी लागत होत्या. आणि त्याला माझ्याइतकं कोण ओळखत होतं?

"मला त्या दिवशी आत ने," मी म्हणाले.

"माजी नौकरी जाईल, अक्का."

"मंग मी मेल्यालीच बरी."

 दुसऱ्या दिवशी निघताना चप्पल घालत म्हणाला, "मी तुला आत नेणार न्हाई. पुकारा करताना फकस्त एक नाव गाळीन. पुकाऱ्यात एखादं नाव ऱ्हातंय कवाकवा. त्येच्यामुळं कुणाची नौकरी जात न्हाई. पुढचं तू बग."

चौकशीच्या दिवसाआधी मी गंगाखेडपर्यंत बैलगाडीनं आणि पुढे रेल्वेनं परभणीला गेले. बरोबर एक फडकं, त्यात आईचं उलथणं. डब्यातल्या बायका विचारायच्या, स्वयंपाकाला चाललात का? मी म्हणायचे, व्हय, लय माणसं हायेत जेवायला.

कचेरीच्या व्हरांड्यात बाकं होती. मी कोपऱ्यात खाली बसले, पदर नाकापर्यंत. दहाच्या सुमाराला दोन टांगे आले. एकातून ते उतरले. पांढरा कोट, बूट, केसांना तेल. अंगानं भरले होते. मागून आबासाहेब, जरीचा फेटा. दुसऱ्या टांग्यातून काळ्या कोटातले दिनकरराव वकील आणि त्यांची मुलगी. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल. माझ्या जवळून गेली तेव्हा मी तिच्या गळ्याकडे पाहिलं. मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात, मी होते.

आधी पुरुषमंडळी आत गेली. पुकारा होईपर्यंत बायकांनी बाहेरच थांबायचं. आतून कागद वाचल्याचा आवाज येत होता. मग व्यंकटी दारात आला. रोज पन्नास नावं पुकारणारा माझा भाऊ, पण त्या दिवशी आधी त्यानं घसा खाकरला. पुरा पुकारा होता, 'पार्वतीबाई जौजे माणिकराव'. जौजे म्हणजे बायको. त्यानं छातीत दम भरला आणि ओरडला:

"जौजे माणिकराव, हाजिर हायेत का?"

पार्वती उठली. मीही उठले. ती लाजून क्षणभर दारात थबकली, तेवढ्यात मी तिच्या आधी आत गेले आणि मेजापुढे जाऊन उभी राहिले.

पेशकार कागदातून मान वर न काढता म्हणाला, "फोटोप्रमाणे चेहरा दाखवा." मी पदर मागे सारला.

आबासाहेबांचा चेहरा मी शेवटपर्यंत विसरणार नाही. माणूस भूत बघतो म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. त्यांचा मुलगा खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला. साहेबानं फोटो पाहिला, मला पाहिलं, दारातल्या पार्वतीला पाहिलं आणि चष्मा काढला.

"ये क्या है? बीवी कौनसी?"

"दोनी बी, साहेब," मी म्हणाले. "ती फोटोत हाय. मी कागदात हाय. फौत लिवलंय न्हवं, ती मी."

वकील म्हणाले, "कोण आहे ही बाई?"

"कुणी तरी वेडी आहे," ते म्हणाले. माझ्या नवऱ्याचा आवाज हैदराबादी, पण चिरका. "बाहेर काढा हिला."

साहेबानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पेशकाराला म्हणाला, "नाम पूछो."

पेशकारानं विचारलं, "बाई, तुमचं नाव?"

आणि मी चुकले. चार वर्षं माहेरी मला सगळे दगडाच म्हणत होते. रागात असले तरी तोंडून खरंच निघालं.

"दगडाबाई."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. ते हसलेच. "बघा साहेब! माझी पहिली बायको कोकिळा. गावच्या कागदात कोकिळा लिहिलं आहे. ही म्हणते दगडाबाई. दुश्मनांनी कुणाला तरी पढवून पाठवलंय."

आबासाहेबांनाही जोर आला. "आमच्या घरात दगडा नावाची कुणी न्हाई. कवा नव्हती."

पेशकारानं मान डोलावली. वकिलांनी सुस्कारा टाकला. व्यंकटी दाराशी उभा होता. एका नावामुळे मी दुसऱ्यांदा मरत होते, आणि या वेळी स्वतःच्या तोंडानं. जे नाव त्यांनीच तांदळांवर काढलं आणि त्यांनीच पुसलं, ते नाव नाही म्हणून मी खोटी. अंगाची आग आग झाली.

"कोकिळा मेली ते खरंच हाय, साहेब," मी म्हणाले. "ती ह्येंनीच ठिवली, ह्येंनीच मारली. दगडा माज्या आईनं ठिवली, ती अजून जित्ती हाय. नाव सोडा. त्या कागदात ह्येंच्या अंगावरची खूण लिवलीय ना? कुठं हाय ती, मी सांगू?"

साहेबानं पेशकाराकडे पाहिलं. पेशकारानं कागदावर हात ठेवून तो झाकला. "सांगा."

"उजवा हात, कोपराच्या खाली. भाजल्याचा डाग. चार बोटं रुंद."

पेशकारानं हात काढून वाचलं आणि साहेबाला हळूच म्हणाला, "बरोबर आहे." मग मोठ्यानं वाचलं, "गंजीची आग विझवताना झालेली जखम."

"ती आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले. "यात काय मोठंसं."

मी फडकं सोडलं. उलथणं मेजावर ठेवलं. लोखंडाचा आवाज झाला.

"आग कुणी इझवली न्हाई, साहेब. ह्येंनी मला मारायला हात उगारला आन् मी भाकरीचं उलथणं आडवं धरलं. ह्ये तेच. कोपरा बगा, टवका गेलेला हाय. त्येंच्या हाताला लावून बगा. बसलं न्हाई तर मला तुरुंगात घाला."

 ते म्हणाले, हा काय प्रकार आहे, मी शिकलेला माणूस आहे, मी दाद मागेन. साहेब शांतपणे म्हणाला, "आस्तीन ऊपर कीजिए." त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. दिनकरराव वकिलांची नजर त्या उलथण्यावर होती. मग त्यांनी पांढऱ्या कोटाची बाही वर केली. इतकी हळू की मला वाटलं आता संध्याकाळ होते.

पेशकारानं उलथणं उचललं आणि डागावर ठेवलं. कागदावर शिक्का बसावा तसं ते बसलं. रुंदी तीच, कड तीच, तुटका कोपरा तुटक्या कोपऱ्याशी. ज्या खुणेवर त्यांना विलायत मिळायची होती ती खूण माझी होती. मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात मेजावर टेकवले.

"लिखो," साहेब म्हणाला. "इसका बयान लिखो. बाई, शौहर का नाम?"

पेशकार लेखणी दौतीत बुडवून थांबला. तो मराठी माणूस होता, त्याला ठाऊक होतं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "घेता येत नसेल तर राहू द्या बाई. मी कागदावरून लिहून घेतो."

"कामून? ज्येच्या लेखी मी मेले, त्येचं नाव घ्यायला मला कसली लाज?"

मी त्यांच्याकडे वळले. आठ वर्षं ज्यांच्या घरात होते त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच सरळ पाहिलं असेन. ते मान हलवत होते, नको म्हणून. पासपोर्ट जातोय, बायको जातेय, तरी त्या माणसाला त्या क्षणी भीती वाटली ती या गोष्टीची. बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकण्याची.

"माणिक," मी म्हणाले. राव नाही, उखाणा नाही. "माणिक आबासाहेबाचा. ह्यो समोर बसलाय त्यो."

पेशकारानं लिहून घेतलं. दिनकरराव वकील उठले. त्यांनी मेजावरचा आपल्या सहीचा कागद उचलला आणि साहेबाला म्हणाले, "या गृहस्थांना मी ओळखत नाही. मला वाटलं होतं ओळखतो." कागदाचे त्यांनी चार तुकडे केले. साहेबानं अर्जावर तांबड्या शाईनं एक आडवी रेघ ओढली. पुढे आबासाहेबांनाही त्या फौतीबद्दल जाब विचारला गेला. पाटीलकी कशीबशी वाचली, पण त्यानंतर परभणीला जाताना त्यांनी जरीचा फेटा बांधला नाही, असं ऐकलं.

मी उलथणं फडक्यात बांधून व्हरांड्यात आले. पार्वती खांबाला धरून उभी होती. तिच्यासाठी मी काय काय बोलायचं ठरवून आले होते. तोंडात तयार होतं. तिनं गळ्यातला काळा दोरा काढला आणि टाक माझ्यापुढे धरला.

"मी रोज याला हळदकुंकू वाहायचे," ती म्हणाली. "तुम्हाला शांती मिळावी म्हणून."

 चार वर्षांत माझ्यासाठी देवाजवळ काही मागणारी ती एकटीच होती. मी टाक घेतला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती वडिलांबरोबर टांग्यात बसली. तिच्या नवऱ्याचा टांगा मागे रिकामाच उभा राहिला.

सूड एवढ्यावर संपवला असता तर मी चांगली बाई ठरले असते. पण माझं पोट भरलं नव्हतं. तिकडून मी सोनपेठला गेले आणि बन्सीधर सोनारापुढे टाक ठेवला.

"आटवा. त्याच चांदीचा दुसरा घडवा. पुरुषाचा."

"कुणाचा, बाई?"

मी सांगितलं. त्यानं कानावर हात ठेवले. जित्या माणसाचा टाक घडवत नाही म्हणाला. मी म्हटलं, "माजा घडिवला तवा इचारलं व्हतं का?" त्यानं मूस पेटवली.

घरी येऊन मी दहा दिवसांचं सुतक धरलं. दहाव्या दिवशी नदीवर गेले, अंघोळ केली, बांगड्या दगडावर फोडल्या, कुंकू पुसलं. नवा टाक देवघरात पितरांच्या रांगेत ठेवला आणि भाताचा नैवेद्य दाखवला. व्यंकटी रडला. गावानं वेडी म्हटलं. त्यानंतर मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, लग्नात पुढे येऊ दिलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा त्रास झाला. पुसलेल्या कपाळाची सवय व्हायला लय वर्षं लागतात. पण एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

दहा वर्षं गेली. १९४८ साल, मुलखात रझाकारांची धामधूम सुरू होती, लोक गावं सोडून जात होते. अशात एका सकाळी दाराशी बैलगाडी थांबली. आबासाहेब उतरले. फेटा साधा, पाठ वाकलेली. कचेरीनंतर त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं. ते ओट्याशी उभे राहिले आणि त्यांना रडू फुटलं.

"सूनबाई, माणिक गेला. काल. तापानं."

मी जोंधळे पाखडत होते. सूप खाली ठेवलं.

"पार्वती त्या दिसापासून बापाच्या घरी हाय," ते म्हणाले. "सांगावा धाडला, येत न्हाई म्हणली. घरात त्याच्या नावानं रडायला बाई न्हाई. कुंकू पुसायला कुणीतरी पायजे, न्हाईतर लोक काय म्हणतील? चल माय. झालं गेलं इसर."

मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. म्हातारा माणूस, उन्हातून आला होता. त्यांनी पाणी प्यायला मान वर केली आणि माझं कपाळ पाहिलं. तिथे पुसायला काही उरलं नव्हतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

मी देवघरात गेले, रांगेतला टाक उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला. चांदी हाताळून गुळगुळीत झाली होती. दहा वर्षं मीही रोज त्याला पाणी घालत आले होते.

"खबर जुनी हाय, मामंजी," मी म्हणाले. "त्येंला जाऊन धा वर्सं झाली. माजं रडून झालंय."

ते टाकाकडे बघत बसले. त्यांना तो कोणाचा ते कळलं, कारण त्यांनी तो उचलून कपाळाला लावला. मी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. गाडी वळायला लागली तेव्हा मला एक गोष्ट आठवली. मी गाडीमागे चार पावलं धावले.

"मामंजी, गावातली फौत तुमीच लिवता न्हवं?"

त्यांनी मान हलवली.

"मंग लिवा. एवढ्या बारीला तरी खरी लिवा."

गाडी गेली. मी घरात आले, सूप उचललं आणि राहिलेले जोंधळे पाखडायला बसले.